लग्नाचं कर्ज, जन्माची चाकरी

डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यावर पूर्वी पोराचं लग्न ठरलं की आईबाप आधी जमीनदाराच्या वाड्याची वाट धरत. मुलीच्या बापाला देज द्यायचं, पाड्याला जेवू घालायचं, ताडी-दारू आणायची, लुगडं घ्यायचं. आणि घरात रोकड म्हणून काही नसायची. जमीनदार पैसे काढून द्यायचा. तारण म्हणून भांडंकुंडं मागायचा नाही. लग्नानंतर नवरा-बायको दोघंही त्याच्या दारात राबायला हजर झाली की त्याचं काम होई. नांगरणी, लावणी, गुरं, लाकूडफाटा, पाणी, घोड्याचा चारा. पाऊस पडला की आधी मालकाची शेतं नांगरायची. स्वतःच्या तुकड्याकडे वळेपर्यंत वाफसा निघून गेलेला असायचा. पोटाला भात नाहीतर नागली, अंगावर फडकं. कर्ज किती फिटलं ते मालकाच्या वहीत, आणि वही वाचू शकणारा एकही माणूस पाड्यावर नाही. बाप मेला की तेच कर्ज पोराच्या डोक्यावर यायचं. अशा माणसाला त्या भागात लग्नगडी म्हणत. त्याच्या बायकोवरही मालक हक्क सांगायचा, आणि अंगावर चाबूक उठला तर दाद मागायला जागा नसायची, कारण पोलीस पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांची ऊठबस वाड्यावरच.

ही कहाणी फार जुन्या काळातली नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि आदिवासी भागांची पाहणी करण्यासाठी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याचा अहवाल १९३९ मध्ये बाहेर आला. ठाणे जिल्ह्यातले लग्नगडी, वेठबिगार, मारहाण, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यात नोंदलेलं आहे. अशा कराराला कायद्यात कवडीचीही किंमत नाही, हेही सिमिंग्टनने लिहिलं. पण पाड्यावर कुणाला हे सांगणार कोण?

कायदा तर कधीचाच झाला होता. हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयांनी मानायचं बंद केलं. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडविधानाने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. म्हणजे अमेरिकेत गुलामीवरून तोफा धडाडत होत्या त्याच काळात वसई, माहीम, डहाणू या तालुक्यांत गुलामी कागदावर संपलीही होती. कागदावर संपलेली ही गोष्ट पुढे ऐंशी वर्षं बिनघोर चालू राहिली, आणि तिच्याकडे बोट दाखवणारी माणसं उभी राहिली तेव्हा सगळा जिल्हा दुभंगला.

अमेरिकेचं काय झालं ते इथे थोडं सविस्तर पाहायला हवं. आपल्याकडे त्या यादवीची गोष्ट बहुधा लिंकनपासून सुरू होते आणि लिंकनपाशीच संपते. प्रत्यक्षात तो देश चाळीस वर्षं चिरत चालला होता. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र बनवलं आणि दक्षिणेतला कापूस सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी झाली, पण आहेत त्यांची मुलंही गुलामच. १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या जवळजवळ चाळीस लाख भरली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस याच लोकांच्या हातून येत होता.

उत्तरेकडच्या सामान्य माणसाला गुलामी आवडत नव्हती, पण त्यासाठी तो भांडायलाही तयार नव्हता. ते दक्षिणेचं प्रकरण, त्यांनी काय ते बघावं, अशी त्याची समजूत. १८२० मध्ये मिसूरीला राज्य म्हणून सामील करून घेताना नकाशावर एक रेघ ओढून तडजोड झाली: लुइझियाना प्रांतातल्या उरलेल्या मुलखात रेघेच्या खाली गुलामी चालेल, वर नाही. १८३६ मध्ये तर संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने गुलामीविरोधी अर्जांवर चर्चाच करायची नाही असा नियम केला. बोलायचंच नाही म्हणजे भांडण नाही, हा हिशेब. पण देवळांत भांडण शिरलं. मेथडिस्ट पंथ १८४४ मध्ये याच प्रश्नावर फुटला, बॅप्टिस्ट १८४५ मध्ये. एकाच येशूची प्रार्थना करणारी माणसं एका छपराखाली बसेनाशी झाली, ही राजकीय फुटीआधीची फूट आहे आणि ती जास्त बोलकी आहे.

मग १८५० मध्ये फरारी गुलामांचा कायदा आला. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडायला मदत करणं हे आता प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरलं; लपवलं तर दंड आणि तुरुंग. पकडलेल्या माणसाला ज्यूरीसमोर सुनावणी नाही, स्वतःची साक्षही देता येत नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर दहा डॉलर मेहनताना, सोडून दिलं तर पाच. आतापर्यंत ज्यांना हे दुसऱ्याचं प्रकरण वाटत होतं, त्यांच्या उंबरठ्यावर ते येऊन उभं राहिलं. १८५४ मध्ये बोस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या तरुणाला पकडून जहाजापर्यंत नेण्यासाठी सैन्य उतरवावं लागलं. रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक, इमारतींवर काळी कापडं, आणि रस्त्यावर आडवी टांगलेली एक शवपेटी, तिच्यावर शब्द ‘स्वातंत्र्य’. त्या दिवसापर्यंत मवाळ असलेले कित्येक व्यापारी संध्याकाळी घरी गेले ते गुलामीचे कट्टर शत्रू होऊन.

पुढची सहा वर्षं उतारावरची आहेत. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंच्या टोळ्या एकमेकांची घरं जाळू लागल्या. १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांना सभागृहातच त्यांच्या बाकावर गाठून दक्षिणेच्या एका खासदाराने काठी मोडेपर्यंत मारलं; दक्षिणेतून त्या खासदाराला भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटच्या खटल्यात निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. १८५९ मध्ये गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन फासावर गेला. १८६० ची निवडणूक लिंकन जिंकले तेव्हा दक्षिणेच्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच उपलब्ध नव्हती. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या.

या युद्धाची झळ वसईपर्यंत आली होती. अमेरिकेचा कापूस बंद झाला तसा गुजरातच्या आणि वऱ्हाडच्या कापसाला उठाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॉम्बे बरोडा कंपनीने सुरतेकडून आणलेला लोहमार्ग वसईच्या खाडीवरचे दोन पूल ओलांडून १८६४ मध्ये मुंबईला पोहोचला. १८६७ च्या एप्रिलमध्ये, योगायोगाने त्याच १२ तारखेला, विरारहून मुंबईसाठी पहिली लोकल सुटली. ज्या विरार लोकलमध्ये आज पाय ठेवायला जागा नसते तिचा मार्ग असा कापसाच्या तेजीच्या दिवसांत पुरा झाला. पण याच रेल्वेमुळे डहाणूच्या जंगलातला साग आणि माळावरचं गवत मुंबईच्या बाजारात विकता येऊ लागलं. वारल्यांच्या जमिनीला भाव आला आणि ती वारल्यांच्या हातून जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या पट्ट्यातली बरीचशी जमीन सावकार, दारूचे मक्तेदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या नावावर चढली होती. या मालकांत एका जातीधर्माचे लोक नव्हते. जमीन आणि वही या दोनच गोष्टी त्यांच्यात सारख्या.

अमेरिकेतली ही लढाई मराठी मुलखात कुणी मनापासून ओळखली असेल तर ती जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त करून. सात समुद्रांपलीकडची यादवी संपून आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाने तिच्यात आपल्या गावाचं चित्र पाहिलं. फुल्यांची ही नजर अजूनही थक्क करते, कारण त्या काळच्या मुंबईने त्या युद्धाकडे बहुतेक करून कापसाचा भाव म्हणूनच पाहिलं होतं.

मात्र अमेरिकेत पुढे जे झालं ते ठाणे जिल्ह्याशी जास्त जुळतं. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली. सहा लाखांहून जास्त माणसं मेल्यावर. मुक्त झालेल्यांना जमीन मात्र मिळाली नाही. ते जुन्याच मालकाच्या शेतात अर्धलीने राबू लागले, त्याच्याच दुकानातून बी-बियाणं आणि मीठ-पीठ उधार आणू लागले, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत. बेडी गेली, कर्ज आलं. डहाणूत तर बेडीची गरज कधी पडलीच नव्हती.

१९४५ मध्ये वारली उठले.

त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यामागे होते. गोदूताई कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाने घेतलेल्या पहिल्या आजीव महिला सदस्य, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. उंबरगाव तालुक्यातून आलेल्या वारल्यांनी तिथे पहिल्यांदा आपली हकिगत सांगितली. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची सभा झाली, पाच हजारांच्या आसपास माणसं जमली. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. मालकाने हात उगारला तर सहन करायचं नाही. त्यानंतर लाल बावटा घेऊन माणसं पाड्यापाड्यांवर फिरली आणि लग्नगड्यांना वाड्यांवरून घरी घेऊन आली. बंदूक नव्हती, फौज नव्हती. तुझ्यावर कसलंही कर्ज नाही, चल घरी, एवढंच सांगायचं होतं. गोदूताईंनी हे सगळं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

ऑक्टोबर लागला. पावसाळ्यानंतर माळावर कमरेएवढं गवत उभं राहतं, ते वेळेत कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना करायचं असतं. उशीर झाला की गवत पिवळं पडतं आणि कुणी विचारत नाही. वारल्यांनी मागणी केली, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. मालकांनी नकार दिला, वारल्यांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला तलासरीजवळ तलवाड्याला हजारो वारली गोळा झाले. गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई रातोरात उठवली गेली होती. दुसरीकडे पोलिसांना सांगण्यात आलं की वारली दंगा करायला येत आहेत. गोळीबार झाला. पाच जण मेले. पहिला जेठ्या गांगड. माणसं तरी जागची हलेनात. बाई येईपर्यंत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

आता जिल्ह्यात कुणालाच कुंपणावर बसता येईना. जमीनदार म्हणू लागले, आमचे वारली साधेभोळे, बाहेरून आलेल्यांनी त्यांना भडकवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवालेही आपल्या गुलामांबद्दल अगदी हेच म्हणत. पण खरी वेदनादायक फूट पडली ती भल्या माणसांत. बाळासाहेब खेर आदिवासींचे शत्रू नव्हते. सिमिंग्टनचा अहवाल त्यांच्याच काळातला, १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलं तेही त्यांनीच. शाळा, दवाखाने, सहकारी सोसायट्या, जमीनदारांचं मन वळवणं, हा त्यांचा मार्ग. परुळेकरांचं म्हणणं, राबणाऱ्याने एकजुटीने नकार दिल्याशिवाय मालकाचं मन वळत नाही. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले, मोरारजी देसाई गृहमंत्री. त्याच वर्षी जंगलकामावर संप झाला तेव्हा परुळेकर दांपत्याला या सरकारने जिल्ह्यातून हद्दपार केलं. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आलं होतं.

खेरांची अडचण समजण्यासारखी आहे. राज्य चालवणाऱ्याला कायदा आणि सुव्यवस्था पाहावी लागते, आणि वारल्यांच्या चळवळीमागे कम्युनिस्ट होते. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. लग्नगडीची प्रथा बेकायदेशीर आहे हे सरकारी अहवालात १९३९ पासून लिहिलेलं होतं. तरी पुढची सहा वर्षं ती तशीच चालू राहिली. वारल्यांनी स्वतःहून विळा खाली ठेवला तेव्हा मात्र फौजदार ताबडतोब आला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. फेब्रुवारी १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा झाला. तो कायदा वाचण्यासारखा आहे. तो लागू होताच प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला, त्याचं कर्ज रद्द झालं. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नाही, मालकावर. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समित्या. गरिबाच्या बाजूने इतका स्पष्ट झुकलेला कायदा आपल्याकडे क्वचित सापडतो.

आणि तरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर, वसई तालुक्यात वेठबिगार होते. महामार्गाच्या पश्चिमेला केळीच्या बागा, चर्च, फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्या बायका. पूर्वेला पारोळ, भाताणे, उसगावकडचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याला वारली, मल्हार कोळी, कातकऱ्यांचे पाडे. राष्ट्र सेवा दलातून आलेले विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था काढली आणि तालुक्यातल्या दहिसर गावी काम सुरू केलं. काही दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की आसपासच्या काही घरांतली माणसं लग्नाच्या वेळी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षं मालकाच्या शेतावर राबताहेत. सिमिंग्टनच्या अहवालाला चाळीस वर्षं उलटून गेली होती. मग श्रमजीवी संघटना उभी राहिली, तहसील कचेरीत अर्ज गेले, मोर्चे निघाले, मुक्तीचे दाखले मिळवले गेले.

गावं फुटली. ज्याने अर्जावर अंगठा दिला त्याचं काम बंद, उधारी बंद. मालक आणि त्याचे भाऊबंद एका बाजूला; दुसऱ्या बाजूला पाडा, आणि पाड्यातही घाबरलेली माणसं होतीच. कार्यकर्त्यांवर हल्ले झाले, गुन्हे दाखल झाले. मालकांची तक्रार हीच, की आम्ही अडीनडीला पैसे दिले, घरच्यासारखं वागवलं, आणि हे शहरी लोक आमच्यात भांडणं लावताहेत. घरच्यासारखा माणूस वर्षाला किती वेळा आपल्या मर्जीने घर सोडू शकतो, हा साधा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने १९९९ मध्ये पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. ही संस्था १८३९ पासूनची. अटलांटिकच्या पलीकडल्या गुलामांसाठी लढलेल्या पिढीने स्थापलेली. पुढे २००९ मध्ये पंडित वसईतूनच अपक्ष आमदार झाले.

सरकारी यंत्रणेला या प्रकरणात नेहमी मधला मार्ग हवा असतो. तालुक्यात वेठबिगार आहेत असं मान्य केलं की शोध, सुटका, पुनर्वसन, खटला हे सगळं आपल्या गळ्यात येतं. त्यापेक्षा ‘निरंक’ असा अहवाल पाठवणं सोपं. दगडखाणींतल्या मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा हरियाणा सरकारने असाच बचाव केला होता, की मजुरांकडून सक्तीने काम घेतलं जात असेलही, पण म्हणून ते वेठबिगार ठरत नाहीत. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने डिसेंबर १९८३ मध्ये तो धुडकावला. जिथे सक्तीची मजुरी दिसते तिथे ती कर्जापोटीच आहे असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने किंवा सरकारने. त्याच्या आदल्या वर्षी एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

लग्नगडी आता कुणी म्हणत नाही. आता उचल असते. वसई, भिवंडी, वाडा पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं जातात ती पावसाळ्यात घेतलेल्या उचलीवर. भाद्रपदात घरात दाणा नसतो, गणपती तोंडावर आलेला असतो, तेव्हा मुकादम पैसे घेऊन पाड्यावर येतो. दिवाळी झाली की सगळं घर भट्टीवर. नवरा माती मळतो, बायको विटा पाडते, पोरं विटा उलटवतात. राहायला विटांच्या भिंती आणि वर पेंढा, असा भोंगा. या पोरांसाठी विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या होत्या. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, खर्चीला आठवड्याला थोडे पैसे मिळतात, आणि जूनमध्ये हिशेब होतो तेव्हा अनेकांच्या नावावर काहीतरी बाकी निघते. ती बाकी पुढच्या वर्षीची उचल ठरते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषण किंवा मानवी तस्करीसारख्या प्रकारांत तीन लाख रुपयांची मदत ठरवली आहे. आकडे चांगले आहेत. पण त्या योजनेने पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधून ठेवली. तातडीची मदत म्हणून वीस हजारांपर्यंत दिले जातील असं सांगितलं. खटला उभा राहायला वर्षं जातात. साक्षीदार म्हणजे तोच मजूर, त्याला तारखेला पालघरच्या किंवा वसईच्या कोर्टात यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि समोर उभा असतो तो माणूस, ज्याच्याकडून पुढच्या भाद्रपदात पुन्हा पैसे मागायचे असतात. म्हणूनच संघटनांचे कार्यकर्ते सुटकेच्या दाखल्याबरोबर रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि वनहक्काचा दावा या तीन कागदांसाठी तहसील कचेरीत बसून राहतात, आणि हे सगळं पावसाळ्यापूर्वी हातात यावं म्हणून घाई करतात.